बाबारावांची ना-हरकत

बाबाराव गजभिये यांच्यासारखा सभ्य माणूस नागपूरच्या अख्ख्या जरीपटक्यात नाही, असं त्यांची बायको कौशल्यासुद्धा म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही. भर बाजारात कोणी त्यांच्या पायावर सायकल घातली, तर बाबाराव त्यालाच विचारणार, "तुले तर नाही लागलं ना गा?" हॉटेलात भजी मागितली आणि वडे आले, तरी "काही नाही होत" म्हणून वडे खाणार. अशा सभ्यपणाची किंमत कधीतरी मोजावी लागतेच. ती मोजायची पाळी भर उन्हाळ्यात आली, आणि त्यांच्या एकट्यावर नाही, तर उत्तर नागपुरातल्या यच्चयावत दिव्यांगांवर आली.

बाबारावांचा धंदा विम्याचा. उजव्या पायात लहानपणचा पोलिओ, म्हणून पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि बुडाखाली स्कूटर. स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक लावलेलं, म्हणजे एकूण चाकं चार. लग्न जुळवताना मध्यस्थाने कौशल्याच्या वडिलांना "पोराकडे चारचाकी आहे" असं सांगितलं होतं, आणि हिशेबाने ते खोटं नव्हतं. कौशल्याने मांडवातून बाहेर येऊन ती चारचाकी पाहिली, क्षणभर विचार केला आणि मागे बसली. तेव्हापासून ती मागेच बसत आली आहे आणि मागून सूचना देत आली आहे.

या स्कूटरच्या पेट्रोल-दुरुस्तीचा भार दिव्यांगांना मिळणारं प्रवास सहाय्य उचलायचं. रक्कम काही फार नव्हती. पण तिच्या जोरावर बाबाराव मनात आलं की निघायचे. सकाळी महाल भागात, दुपारी खापरखेड्याच्या कॉलनीत एखाद्या गिऱ्हाइकाकडे, संध्याकाळी उगाच.

तर घरच्या कूलरमध्ये नवी खस भरून झाली त्याच दिवशी "आपलं आपण" या दिव्यांगांच्या ग्रुपवर सरिता रामटेकेचा मेसेज आला. सरिता व्हीलचेअरवर असते, ब्लाउज शिवते आणि ग्रुप चालवते. ब्लाउज बिघडला तर ती उसवते, ग्रुपमध्ये कोणी बिघडला तर काढून टाकते. मेसेजमध्ये एक सरकारी मसुदा होता. मसुद्याची भाषा इतकी गोड होती की तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, हे आपल्या मुळावर आलं आहे. प्रत्येकाला मिळणारं प्रवास सहाय्य बंद करून त्या निधीतून मोठ्या गाड्या घ्यायच्या, आणि ज्याला कुठे जायचं असेल त्याने तीन दिवस आधी नोंदणी करायची. जाण्याचं प्रयोजन लिहायचं. प्रयोजनं चार: वैद्यकीय, शैक्षणिक, शासकीय आणि इतर. 'इतर'साठी वेगळी मंजुरी.

"म्हणजे मले मंगळवारी तर्री पोहे खायाचे असन," बाबाराव कौशल्याला म्हणाले, "तर शनिवारी भूक लागाले पायजे."

कौशल्या हसली. बाबाराव हसले नाहीत. त्यांना दिसत होती ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली स्कूटर, आणि खिडकीशी खुर्चीत बसलेला एक माणूस, जो प्रत्येक गोष्टीसाठी कोणाला तरी विचारतो आहे. त्या माणसाच्या शर्टाला इस्त्री नव्हती. बाबारावांना मनापासून भीती वाटली.

मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. सुनावणीला प्रत्येक भागातून एक प्रतिनिधी हजर राहणार होता. विमा विकणारा माणूस बोलण्यात हटत नाही, या समजुतीने ग्रुपने बाबारावांना निवडलं. नव्वद वर्षांच्या आजोबांना वीस वर्षांची पॉलिसी विकणं वेगळं आणि सरकारशी बोलणं वेगळं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते फक्त शेजारच्या देवाजी निनावेंच्या. देवाजी एका सरकारी खात्यातून हेडक्लर्क म्हणून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ते भाजीवाल्याशीसुद्धा "सदर वांगी" अशा भाषेत बोलत.

"बाबाराव, तिथे मले-तुले चालत नाही," देवाजी म्हणाले. "'मला' म्हणायचं. 'काहून' नाही, 'का'. 'मी सांगून राहिलो' म्हणालात की साहेब ऐकून राहणार नाही."

आठवडाभर देवाजींच्या ओसरीवर शिकवणी चालली. बाबारावांनी 'ले' सोडून 'ला' धरला. "हाव" म्हणायची जीभ "होय" वर आणली. कौशल्याला त्यांनी एकदा "मला पाणी हवे आहे" म्हटलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"आणि एक वाक्य घोटून ठेवा," देवाजी म्हणाले. "सरकारी माणूस ताटकळत ठेवतो, मग सॉरी म्हणतो. तेव्हा आपल्यासारखं 'चालते ना बाप्पा' म्हणायचं नाही. म्हणायचं, 'काही हरकत नाही.' मी बत्तीस वर्षं हेच ऐकत आलो."

बाबारावांनी ते वाक्य घोटलं. आंघोळ करताना घोटलं, स्कूटरवर घोटलं. इतकं घोटलं की शेवटी ते त्यांच्या तोंडून श्वासासारखं येऊ लागलं.

सुनावणीच्या दिवशी कळलं की सुनावणी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाबारावांचं कोणत्याच पायरीबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. शिपायाने सांगितलं, "तुम्ही खालीच थांबा, बाबू खाली येऊन तुमचं लिहून घेतीन." म्हणून सगळा ग्रुप खाली थांबला. सरिता आणि बाकीचे रसवंतीच्या सावलीत गेले. प्रतिनिधीने जागा सोडायची नसते, म्हणून बाबाराव स्कूटरवर, उन्हात, भाषण खिशात घेऊन बसले. नागपूरचं ऊन भाषण कोणत्या भाषेत आहे हे पाहत नाही. त्यांच्या डोक्यातला 'ला' वितळून पुन्हा 'ले' व्हायला लागला होता.

शेवटी एक तरुण बाबू हातात टॅब घेऊन घाईघाईने आला. घामाघूम झालेला. वर साहेब खोळंबले होते.

"सॉरी काका, खूप वेळ उन्हात बसावं लागलं तुम्हाला. प्रतिनिधी तुम्हीच ना? गजभिये? बरं." त्याने टॅबवर बोट ठेवलं. "हरकत?"

पोरगं भलं दिसत होतं. चेहरा लाल झाला होता त्याचा. बाबारावांना त्याची दया आली.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. एकही 'ले' नाही, एकही चूक नाही. देवाजी असते तर डोळे भरून आले असते.

बाबूने नवलाने वर पाहिलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आणि बाकीच्यांची?"

बाबारावांनी रसवंतीकडे उदारपणे हात केला. "कोणाचीच नाही. आम्ही सगळे सवयीचे आहोत."

"वा," बाबू म्हणाला. आजच्या दिवसात त्याला भेटलेला हा पहिलाच सुखी माणूस असावा. "इथे सही करा."

हजेरीची असेल म्हणून बाबारावांनी सही केली. पंचवीस वर्षं लोकांना "वाचल्याशिवाय सही करू नका, बारीक अक्षरंही वाचा" असं सांगत आलेल्या विमा एजंटाने न वाचता सही केली. आता वरचे साहेब कधी बोलावतात याची वाट पाहत ते बसून राहिले. ऊन उतरायला लागल्यावर शिपाई कुलूप घेऊन आला आणि म्हणाला, "अजून इथीच? सुनावणी तर झाली ना."

दुसऱ्या दिवशी सुनावणीचा गोषवारा प्रसिद्ध झाला. इतर भागांनी पानंच्या पानं हरकती घेतल्या होत्या. उत्तर नागपूरच्या रकान्यात लिहिलं होतं: 'हरकत: काही नाही. कोणाचीच नाही. सर्व सवयीचे आहेत.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबारावांनी तर सहीही करून दिली होती.

सरिताचा फोन आला. ती नेहमी "जय भीम बाबाभाऊ" म्हणून सुरुवात करायची. आज नुसतं "बाबाभाऊ" म्हणाली, तेव्हाच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"किती दिलं त्यायनं तुमाले?"

"सरिता, आयक तर. मले वाटलं तो उनाबद्दल विचारून राहिला!"

"उनाबद्दल?"

"मी म्हटलं काही हरकत नाही. सभ्यपणानं म्हटलं वं!"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. मग ती म्हणाली, "मी रोज चार जागी माल पोचवते भाऊ. तीन दिवस आधी कोण्या बाईले ठाऊक राह्यते ब्लाउज कधी फिट होणार म्हणून? तुमच्या सभ्यपणात माह्या धंद्याचं काय?"

संध्याकाळपर्यंत बाबाराव ग्रुपमधून निघाले होते. म्हणजे काढले गेले होते. आजवर कुठूनही बाहेर पडायला त्यांना इतका कमी वेळ कधी लागला नव्हता.

मग दुरुस्तीचा प्रवास सुरू झाला. देवाजी बरोबर आले. चूक आपल्या वाक्याची आहे हे ते मानायला तयार नव्हते. "वाक्य शुद्धच होतं, संदर्भ अशुद्ध होता" असं त्यांचं म्हणणं. तो तरुण बाबू भेटला. त्याला खरोखर वाईट वाटलं, पण हरकतींची मुदत संपली होती. "आता नोंद चुकीची आहे अशी तक्रार करावी लागेल. तक्रारींचा विभाग दुसऱ्या इमारतीत आहे."

दुसऱ्या इमारतीत लिफ्ट चालू होती, पण लिफ्टपर्यंत जायला सहा पायऱ्या होत्या. त्या चढून, कॅलिपर सावरत, बाबाराव तक्रारीच्या टेबलाशी पोचले. तिथल्या गृहस्थांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तक्रार कशाची? तुमची हरकत नाही म्हणता."

"हरकत आहे जी."

"मग इथे 'नाही' का लिहिलंय?"

"तीच तर तक्रार आहे!"

"पण हरकत नसणाऱ्याची तक्रार कशी घेणार?" गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले. "हे तुम्ही एक प्रकारे ना-हरकत दिलेलं आहे. अहो, लोक ना-हरकत मिळवायला वर्ष-वर्ष चपला झिजवतात. तुमचं एका दिवसात झालं, अन् तुम्ही ते रद्द करायला आलात?"

रांगेतली दोन माणसं वळून बाबारावांकडे पाहू लागली. त्यांच्या नजरेत हेवा होता. एकाने हळूच विचारलं, "कोणाच्या ओळखीनं झालं भाऊ?"

बाबाराव घरी आले आणि जेवले नाहीत. "कौशल्या," ते म्हणाले, "आयुष्यभर कोणाले त्रास होऊ नये म्हणून चालते-चालते म्हणत आलो. लोकायले वाटते ह्या माणसाले सारंच चालते."

कौशल्याने ताट पुढे सरकवलं. "मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी तर अठ्ठावीस वर्सं त्या चारचाकीवर फिरून राहिली. पण म्या कधी चालते म्हटलं का? रोज भांडली. म्हणूनच त्या सीटले स्पंज लागला." मग जरा थांबून म्हणाली, "जेवा आता. माणूस उपाशी पोटी भांडू शकत नाही."

आणि मग आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. कार्यालयाने नव्या गाडीचं प्रात्यक्षिक ठेवलं, आणि त्यासाठी जरीपटक्यात बाबारावांचीच गल्ली निवडली. कारण शहरात हरकत नसलेला हा एकमेव गट होता. 'समाधानी लाभार्थी' म्हणून बाबारावांनी दोन शब्द बोलायचे होते.

सकाळी पांढरीशुभ्र उंच गाडी झेंडूच्या माळा घालून आली. आतून अधिकारी मॅडम उतरल्या. सगळा ग्रुप जमला होता, आणि सरिता व्हीलचेअर बरोबर माईकच्या समोर लावून बसली होती. नाही म्हणायला एक जण मनापासून खूश होता, म्हातारे रुपराव. त्यांना दिसत नसे आणि घरून न्यायला कोणी नसे. त्यांनी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगली आहे बाप्पा. मले पायजे होती अशी."

ते ऐकून बाबाराव अधिकच गोंधळले. कारण रुपरावांचंही खरंच होतं.

ते माईकपुढे उभे राहिले. मागून देवाजी पुटपुटत होते, "आदरणीय महोदया..."

"आदरणीय महोदया," बाबाराव म्हणाले, "सदर गाडी... सदर गाडीबाबत मला..." आणि अडले. समोर सरिता बसली होती. पुढचं वाक्य 'ला' आणि 'ले'च्या मध्ये अडकलं होतं. त्यांनी कुबडी घट्ट धरली.

"मले हरकत आहे," ते म्हणाले.

मॅडम हसऱ्या चेहऱ्याने टाळी वाजवणार होत्या, त्या थांबल्या.

"मॅडम, मले हरकत आहे. त्या दिवशीबी होती. तुमचा बाबू आला, बिचारा घामानं निथळून राहिला होता, अन् मी समजलो तो मले उनाची हरकत विचारून राहिला. मी नाही म्हटलं. माह्या तोंडातून निघालं, अन् साऱ्या लोकायचं झालं. ही गाडी रुपरावकाकाले पायजे, त्यायले द्या. पण माही स्कूटर घेऊन नोका देऊ. मले तीन दिवस आधी ठाऊक नाही राहत जी, मले कुठी जावंसं वाटन."

मग सरिताने टाळी वाजवली, आणि रुपरावांनी, न बघता, सगळ्यांपेक्षा जोरात.

मॅडम गंभीर झाल्या. "आत्ता काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रक्रिया असते." त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना सिव्हिल लाइन्सला बैठक गाठायची होती. गाडीत बसून त्यांनी ड्रायव्हरला चला म्हटलं.

ड्रायव्हरने मान हलवली. "यायची नोंद आहे मॅडम. जायची नाही."

"म्हणजे?"

"प्रात्यक्षिकालेबी नियम तोच. नोंदीशिवाय गाडी हालली तर मले वरून फोन येते. तुमचीच सही आहे त्या नियमावर."

मॅडमनी फोनवर नोंदणी करून पाहिली. सगळ्यात जवळची तारीख शुक्रवारची होती. 'शासकीय' प्रयोजनाच्या यादीत 'बैठक' नव्हती; उरलं 'इतर'. मग त्यांनी ऑटो बोलावायचा प्रयत्न केला. गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी असल्यामुळे ऑटोवाला येईना. झेंडूच्या माळा उन्हाने मान टाकू लागल्या. कोणी हसत नव्हतं, कारण हसू दाबायला सगळ्यांनाच जोर लागत होता.

बाबारावांच्या अंगातला सभ्य माणूस जागा झाला. त्यांनी स्कूटरला किल्ली लावली.

"बसा मॅडम. चारचाकी आहे. ह्या माळवाल्या गाडीच्या बाजूनं निघते."

"कधी निघायचं?" मॅडमनी बावरून विचारलं.

"आत्ता," बाबाराव म्हणाले.

कौशल्याने आपलं हेल्मेट मॅडमच्या डोक्यावर चढवलं आणि सवयीने सूचना दिली, "खड्डा आला का सांगजा त्यायले, त्यायले नाही दिसत." स्कूटर गाडीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून चिंचोळी होऊन निघाली आणि रस्त्याला लागली. कामठी रोडवर मॅडमनी मागून विचारलं, "भीती नाही वाटत का हो तुम्हाला, अशी गर्दीत चालवायला?"

"ह्याची नाही वाटत," बाबाराव म्हणाले. "घरी बसून राहायची वाटते."

सिव्हिल लाइन्स येईपर्यंत मॅडमनी दोन खड्डे सांगितले.

निर्णय यायला पाऊस यावा लागला. त्या दिवसांत बाबारावांनी किती वेळा फोन पाहिला याला सुमार नाही. ग्रुपमध्ये नसल्यामुळे त्यांना पाहायला काही नव्हतं, तरी पाहत. आणि एका सकाळी फोन वाजला. सरिता होती.

"जय भीम बाबाभाऊ!"

एवढ्या तीन शब्दांनीच बाबारावांचा जीव भांड्यात पडला. बाकीचं नंतर ऐकलं. प्रवास सहाय्य ज्याचं त्याला चालू राहणार. गाडी ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळी, आणि तिची नोंदणी आदल्या दिवशी. निर्णयात एक ओळ होती: 'उत्तर नागपूर गटाची हरकत मान्य.'

"तुमाले ग्रुपमध्ये घेऊन राहिली," सरिता म्हणाली. "पण तो 'हरकत' शब्द लिहाचा नाही. लिहिला का बाहेर."

देवाजींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "मान्य झाली? बघा, शेवटी भाषाच कामी आली!" कोणती भाषा, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि सभ्य माणसाने विचारलं नाही. बाबारावांनी शर्ट चढवला. त्याला इस्त्री कडक होती.

"कुठी निघाले?" कौशल्याने विचारलं.

"ठाऊक नाही," बाबाराव म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "तू बस तर."

चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर त्यांनी स्कूटर लावली. पोहेवाल्याने परातीत हात घातला आणि नेहमीचं गिऱ्हाईक पाहून निर्धास्तपणे म्हणाला, "पोहे थंडे झाले भाऊ. चालते ना?"

बाबारावांचं तोंड उघडलं. कौशल्या मागे बसून पाहत होती.

"नाही चालत गा," बाबाराव म्हणाले. "गरम करून दे. तर्रीबी गरम."

पोहेवाला चकित झाला, पण कढई शेगडीवर चढवली. "थोडा टाइम लागन मंग भाऊ. काही हरकत?"

बाबारावांनी आधी आजूबाजूला नीट पाहिलं, कोणी लिहून तर घेत नाही ना.

"नाही," ते म्हणाले. "ह्याले नाही."